डावा इंडिकेटर दिला की पेट्रोल वाढतं

सकाळी आठची नोंद. नऊ तलावांपैकी सात तलावांची पातळी कालच्यापेक्षा दोन सेंटिमीटरने कमी. एक स्थिर. एकाचा फोन लागत नाही.

मेंढी आजारी आहे की नुसती रुसली आहे, ते तिच्या कानाला हात लावला की कळतं.

लाकडी फूटपट्टी पेट्रोलवर तरंगते, पण जेमतेम.

क्रांती चौकात रिक्षा थांबवून उलटी करणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक फार वेळ बघत नाहीत. त्याच्या शेजारी पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या मुलाकडे बघतात.

"मी शपथेवर लिहून देतो की सदर किलोमीटर माझे नाहीत."

आठवीच्या एकेचाळीस उत्तरपत्रिका साडीच्या पदरात बांधून दोन किलोमीटर चालता येतं. त्यानंतर घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

सहा दांड्या

माझ्या मोटारसायकलच्या मीटरवर पेट्रोल दाखवायला काटा नाही, दांड्या आहेत. एकावर एक अशा सहा काळ्या दांड्या. टाकी भरली की सहा, संपत आली की एक, आणि ती एकही लुकलुकायला लागली की पंप शोधायचा. २००९ साली आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत असं मीटर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. संध्याकाळी लोक चहाला म्हणून यायचे आणि मी किल्ली फिरवून दांड्या उगवताना दाखवायचो. काहीजण दुसऱ्यांदाही यायचे. चहा योगिनी चांगला करते, हेही कारण असेल.

यंदाच्या जूनपासून दांड्या वेड्यासारख्या वागायला लागल्या. डावा इंडिकेटर दिला की पेट्रोल वाढायचं. दोन दांड्यांच्या चार व्हायच्या आणि इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर दोन-चार, दोन-चार अशा नाचायच्या. उजवा दिला की काही होत नसे. हेडलाइट लावला की टाकी काठोकाठ. खड्ड्यात गाडी आदळली की शून्य. माणसाने दिवसा हेडलाइट लावून कायम डावीकडे वळत राहावं आणि खड्डे टाळावेत, म्हणजे त्याला पेट्रोल कधीच कमी पडणार नाही, असं ते मीटर सांगत होतं. आपल्या शहरात यातली तिसरी अट पाळणं शक्य नाही.

इथे माझा व्यवसाय सांगायला हवा, कारण पुढे सगळेजण तो मला सांगणार आहेत. मी पैठण रोडवरच्या एका सरकारी कार्यालयात तलावांच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. रोज सकाळी नऊ तलावांवरून आकडे येतात, मी ते तपासतो, जुळवतो आणि वर पाठवतो. कोणत्या तलावात आज किती पाणी आहे हे सेंटिमीटरपर्यंत सांगू शकणारी माणसं जिल्ह्यात थोडी आहेत आणि मी त्यांतला एक आहे. त्यामुळे जुलैत पहिल्यांदा गाडी रस्त्यात बंद पडली आणि मी ती ढकलत कार्यालयात पोचलो, तेव्हा आमच्या शिपाईमामांनी कुठलाही राग-लोभ न ठेवता एकच वाक्य टाकलं. "नऊ तळी सांभाळायलात साहेब, एक टाकी नाय सांभाळायली."

दुसऱ्यांदा ती बाजारात बंद पडली. तिसऱ्यांदा मागे योगिनी होती. योगिनी शाळेत गणित शिकवते आणि त्या दिवशी तिच्याकडे घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका होत्या. मीटरवर पाच दांड्या असताना गाडीने मान टाकली. पुढचं मी वर सांगून चुकलो आहे.

दोन दिवसांनी ती बोलली. "गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी कधी संपते?"

"सहा ऑक्टोबर."

"त्याच्या आत काटा बरोबर दाखवायला लागला तर नोंदणी वाढवा. नाहीतर गाडी भंगारात आणि घरात इलेक्ट्रिक स्कूटर. मला अंदाज नको, आकडा हवा."

आता कुणी म्हणेल, घ्यावी स्कूटर. मीही म्हणालो असतो. पण आमच्याकडे आप्पा आहेत.

आप्पा माझे वडील. सोयगावकडचे. चाळीस वर्षं मेंढरं राखली, गुडघे गेले तसे आमच्याकडे आले. आता त्यांच्या आठवड्यात एकच वार आहे, गुरुवार. गुरुवारी छावणीत जनावरांचा बाजार भरतो. आप्पा तिथे काही घेत नाहीत, विकत नाहीत. पण बाजारात शिरले की कुणीतरी हाक मारतं, "आप्पा, हिचे दात बघा बरं," आणि मग दोन तास ते दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात आणि फुकट निकाल देतात. त्यांचा शब्द लोक मानतात. घरी त्यांना चहा घेणार का, यापलीकडे कुणी काही विचारत नाही.

रिक्षात त्यांना उलटी होते. चारचाकीत बसवलं तर काचा वर असल्या तरी होते, खाली असल्या तरी होते. खालच्या मजल्यावरच्या नानासाहेबांच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर बसवून बघितलं, तर गेटपर्यंत जाऊन उतरले. "आवाजच नाय हिला. जित्तं हाय का मेलं, कसं कळावं?" माझ्या मोटारसायकलवर मात्र मागचा लोखंडी कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ते बसतात, ते थेट छावणी. गाडी गेली तर आप्पांचा गुरुवार जाणार होता. योगिनीलाही हे कळत होतं. म्हणून तर तिने तारीख दिली होती, नाहीतर त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं असतं.

मी ठरवलं. सहा ऑक्टोबरच्या आत दांड्या खरं बोलतील.

चार दांड्या (इंडिकेटर चालू)

गाडी दुरुस्त करायची आहे असं ठरवणं सोपं असतं. ते नानासाहेबांना कळणं वाईट. नानासाहेबांची चितेगावकडे शेती आहे आणि शेती दुसऱ्यांना करायला देऊन ते शहरात सल्ले देतात.

"रामहरीराव, तुम्ही गाडी दक्षिणेला तोंड करून लावायलात."

"त्याने काय होतं नाना?"

"ऊन टाकीवर येतं. पेट्रोल फुगतं. मशीनला वाटतं, वाढलं."

"आणि डावा इंडिकेटर दिल्यावर?"

नानासाहेबांनी विचार केला. "तेव्हा पण फुगत असंल."

मी गाडी उत्तरेकडे तोंड करून लावली. यात माझी श्रद्धा नव्हती. पण प्रयोगातून एकेक शक्यता वगळत जायची असते. चौथ्या दिवशी वगळली.

मग मी उस्मानपुऱ्यातल्या रामप्रसादकडे गेलो. रामप्रसाद गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि गाडीकडे न बघता रोग सांगतो. मी सगळी लक्षणं तारीखवार लिहून नेली होती. त्याने कागद घेतला, त्यावर स्क्रू ठेवले आणि म्हणाला, "सर, फ्लोट गया."

फ्लोट म्हणजे टाकीतला तरंगता गोळा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच, फक्त छोटा. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली जातो आणि त्याला जोडलेली तार मीटरला बातमी देते. हे तो मला समजावून सांगत होता. मला. मी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं, कारण गाडी त्याच्या ताब्यात होती.

"पण डाव्या इंडिकेटरचा फ्लोटशी काय संबंध?"

"सर, तुम्ही लई सोचते. फ्लोट नवीन टाकू, खतम."

नवीन फ्लोट टाकला. गाडी घेऊन निघालो, पहिल्याच वळणावर डावा इंडिकेटर दिला, आणि दोनाच्या चार. मी परत फिरलो. रामप्रसादने स्वतः इंडिकेटर देऊन बघितला, बंद केला, परत दिला. मग डोकं खाजवत म्हणाला, "अजीब है. पण सर, वाढतंय ना? कम तो नहीं हो रहा."

शून्य ते सहा, प्रत्यक्ष मोजणी

तेव्हा मी ठरवलं की तलावाला जे करतो, तेच टाकीला करायचं. तलाव किती भरला हे विजेचं यंत्र सांगत नाही. काठावर आकडे रंगवलेली एक पट्टी उभी असते आणि पाणी कुठपर्यंत आलं ते माणूस डोळ्यांनी बघतो. तशी पट्टी मी टाकीत उभी करणार होतो. एकेक लिटर ओतायचं, पट्टी बुडवायची, ओल कुठपर्यंत आली ते बघायचं, त्याच वेळी दांड्या बघायच्या, आणि दोन्ही वहीत लिहायचं. मग यंत्र कुठे खोटं बोलतं ते उघड होणार होतं.

पट्टी म्हणून योगिनीची शाळेतली लाकडी फूटपट्टी घेतली. तिची परवानगी घेतली नाही, कारण रविवारची दुपार होती आणि ती झोपली होती.

पार्किंगमध्ये टाकी रिकामी करायला लागल्यावर दहा मिनिटांत नानासाहेब नाकाला रुमाल लावून आले. "रामहरीराव, बिल्डिंग उडवायची का?"

"मोजणी चाललीय नाना. कुणी विडी ओढू नका, बस."

"माझ्या स्कूटरला असलं काही करावं लागत नाय." ते गेले नाहीत. खुर्ची आणून लांब बसले आणि प्रत्येक लिटरला "किती झालं?" विचारत राहिले.

तीन लिटरपर्यंत नोंदी सुरेख आल्या. चौथ्या लिटरला वरून योगिनीची हाक आली, "अहो, माझी पट्टी बघितली का?" आणि मी दचकलो. टाकीच्या तोंडाशी एक पत्र्याची जीभ असते, तिच्यात पट्टी अडकली होती. कडकन आवाज आला. माझ्या हातात एकोणीस सेंटिमीटर राहिले. उरलेले अकरा आत गेले.

"नाही," मी वर ओरडून सांगितलं. त्या क्षणी हे अकरा सेंटिमीटरपुरतं खरं होतं.

तार घालून बघितली, गाडी आडवी करून बघितली. तुकडा निघाला नाही. थकून मी उरलेलं थोडं पेट्रोल न मोजताच ओतलं आणि किल्ली फिरवली. सहा दांड्या. डावा इंडिकेटर दिला, सहा. हेडलाइट, सहा. बुक्की मारली, सहा. जूननंतर पहिल्यांदा मीटर स्थिर होतं. मोजणीच्या हलवाहलवीत कुठलीतरी सैल वायर बसली असणार, असा निष्कर्ष मी वहीत लिहिला. खाली सही केली. सवय असते.

योगिनीला दाखवलं. तिने तीनदा डावा इंडिकेटर देऊन बघितला. "काय केलंत?"

"मोजणी."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आमच्या लग्नाच्या एकवीस वर्षांत नाव नाही, पण कौतुकाच्या फार जवळचं होतं.

गुरुवारी सकाळी आप्पांना घेऊन निघालो. आप्पांनी बसण्याआधी टाकीवर तळहात ठेवला. वरपासून खालपर्यंत फिरवला, जसा ते मेंढीच्या पोटावरून फिरवतात.

"रामहरी, आटलीय ही."

"आप्पा, सहा दांड्या आहेत."

"हाताला गार लागंना. खालीच थोडं लागतंय."

"आप्पा, ते यंत्र आहे."

"व्हय," आप्पा म्हणाले आणि बसले.

महावीर चौकाच्या अलीकडे गाडी बंद पडली. सहाच्या सहा दांड्या. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर तळाशी योगिनीच्या पट्टीचा तुकडा फ्लोटच्या दांडीखाली पाचर मारल्यासारखा अडकलेला. गोळा वरच्या वर टांगलेला होता, आणि मीटर बिचारं पहिल्यांदाच प्रामाणिकपणे त्याला मिळालेली बातमी देत होतं.

आप्पांना चालवत नाही. मी त्यांना गाडीवर बसवून गाडी ढकलली. पंप गाठून, पेट्रोल भरून छावणीत पोचलो तेव्हा बकऱ्या टेम्पोत चढल्या होत्या. सिल्लोडकडचा एक जण एडका दाखवायला आप्पांची वाट बघून निघून गेला होता. आप्पांनी रिकाम्या दाव्यांकडे बघितलं.

"पुढच्या गुरुवारी येऊ," म्हणाले.

पट्टीचा तुकडा रामप्रसादने चिमट्याने काढून दिला. त्यावर बॉलपेनने 'योगिनी मॅडम, हात लावू नये' असं लिहिलं होतं. तो मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि विसरलो. शर्ट धुवायला कोण टाकतं, हे मी विसरायला नको होतं.

एक्क्याण्णव हजार तीनशे चौऱ्याऐंशी

"सर, अब एकच राहिलं. मीटरच बदलायचं," रामप्रसाद म्हणाला. तसलं मीटर आता नवीन मिळत नाही. त्याने जुन्या पार्टच्या बाजारातून एक आणलं. बसवलं. दांड्या उगवल्या, आणि डावा इंडिकेटर दिल्यावर नाचल्या. माझं मीटर जितक्या तालात नाचायचं, त्याच तालात.

"ये भी खराब निकला," रामप्रसाद म्हणाला. दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या मीटरना एकच दुखणं कसं झालं, हे मी विचारणार होतो. पण तपासणीची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि माझं मूळ मीटर तोवर त्याने कुठल्यातरी डब्यात टाकलं होतं.

नोंदणी वाढवण्याआधी सरकारी अधिकारी गाडी बघतो. मी अर्ज, विमा, धुराचं प्रमाणपत्र आणि दांड्यांच्या नोंदींची वही घेऊन रांगेत उभा राहिलो. अधिकारी शांत, चष्मा लावलेला, माझ्यासारखाच आकड्यांचा माणूस. त्याने दांड्यांकडे बघितलंही नाही.

"अर्जात गाडी सेहेचाळीस हजार किलोमीटर चालली लिहिलंय."

"हो."

"मीटरवर एक्क्याण्णव हजार तीनशे चौऱ्याऐंशी आहे."

"ते किलोमीटर माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

हा प्रश्न योग्य होता. कुणीतरी अनोळखी माणूस एवढं फिरून आला होता आणि त्याचा प्रवास माझ्या हँडलवर बसवला होता.

"मीटर बदललं असेल तर प्रतिज्ञापत्र आणा," अधिकारी म्हणाला. "चार ऑक्टोबरला या."

प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याने 'सदर किलोमीटर माझे नसून त्यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही' असं लिहिलं. मला ते जरा जास्त वाटलं. तो म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं.

घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी, पट्टीचा अकरा सेंटिमीटरचा तुकडा ठेवलेला होता. योगिनीने वाढलं मात्र नीट.

दोन दांड्या, खऱ्या

पुढचा गुरुवार. सहा ऑक्टोबरला दहा दिवस राहिलेले. आप्पा बाजारात बकऱ्यांचे दात बघत होते आणि मी गाडीजवळ उभा राहून शत्रूकडे बघावं तसं मीटरकडे बघत होतो.

आप्पा परत आले. "ती काटेवाली बाई हाय तिथं. तिला दाखव."

काटेवाली म्हणजे सुकेशनी. बाजारात बकरे हल्ली इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतात आणि ते काटे बिघडले की सुकेशनी ते दुरुस्त करते. चितेगावच्या एका कंपनीत ती इलेक्ट्रॉनिक बोर्डांच्या कामावर आहे. गुरुवारी कंपनीला सुटी, म्हणून बाजाराच्या फाटकाशी टेबल टाकून बसते.

"आप्पा, ती बकऱ्यांचे काटे करते."

"मग? काटा तर काटा."

मला हे झेपायला दहा मिनिटं लागली. मी शिक्षण घेतलेला माणूस, माझी गाडी डिजिटल, आणि बाजारभर लेंड्या. शेवटी गेलो, कारण माझ्याकडे दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सुकेशनीने माझं ऐकून घेतलं. मधे थांबवलं नाही. हे गेल्या चार महिन्यांत कुणी केलं नव्हतं.

"मीटर बदलून पण तसंच होतंय ना दादा? फ्लोट पण नवा?"

"हो."

"मग या टोकाला नाय, त्या टोकाला नाय. मधे हाय."

तिने टेबलावरचं मोजयंत्र घेतलं. त्याला एक लाल आणि एक काळी तार असते. काळी तिने बॅटरीच्या वजा टोकाला लावली आणि लाल मीटरच्या मागच्या काळ्या वायरला. "दोन्ही एकच पाहिजेत. शून्य यायला पाहिजे. इंडिकेटर द्या दादा."

मी दिला. यंत्रावर जवळपास तीन आलं आणि इंडिकेटरबरोबर वर-खाली नाचायला लागलं.

"अर्थिंग गेलं. इंडिकेटरची वीज परत जायला वाट नाय, म्हणून ती मीटरमधून वाट काढायली."

"आणि उजवा दिला की काही होत नाही, त्याचं कारण काय?"

तिने वाकून बघितलं. "उजव्याचा बल्बच लागत नाय. बदला."

उजव्या इंडिकेटरवर मी वहीची अडीच पानं लिहिली होती.

मग तिने हेडलाइट उतरवला. मीटरच्या बरोबर खाली, हँडलच्या मानेला एक बोल्ट असतो आणि सगळ्या काळ्या वायरी तिथे येऊन मिळतात. बोल्ट दिसत नव्हता. त्याच्या जागी तांबडा, घट्ट, वाळलेला गोळा होता. तिने स्क्रू-ड्रायव्हरने टवका काढला. आत पिवळा थर. मग परत तांबडा. मधेमधे तांदळाचे दाणे. तळाशी तांब्याला हिरवं चढलेलं. वर्षागणिक साचलेला तो थर ती एकेक करून काढत गेली आणि भोवती जमलेले बकरेवाले बघत राहिले.

"हळद-कुंकू," ती म्हणाली. "आणि नारळाचं पाणी. त्यात मीठ असतं ना, त्यानंच खाल्लं. दर दसऱ्याला मीटरवर ओतता का?"

मी आप्पांकडे बघितलं. दसऱ्याला थाळी आप्पांच्याच हातात असते. सगळे बकरेवाले आप्पांकडे बघायला लागले. ज्या माणसाचा शब्द ते मानत होते, त्याच्याकडे.

आप्पांनी टवका हातात घेऊन बघितला. "मीच ओतलं असंल," म्हणाले.

सुकेशनीने बोल्ट घासला, वायरी घासल्या, ग्रीस लावून आवळलं. किल्ली फिरवली. दोन दांड्या. डावा इंडिकेटर, दोन. हेडलाइट, दोन. आप्पांनी टाकीवर हात ठेवला, फिरवला आणि मान हलवली. दोन.

पुन्हा सेहेचाळीस हजार

मूळ मीटर रामप्रसादच्या डब्यातून शोधून परत बसवलं. त्यामुळे चार ऑक्टोबरला जो पेच झाला, तो मला आधी दिसायला हवा होता.

"तुमच्या प्रतिज्ञापत्रात मीटर बदललंय, आकडा एक्क्याण्णव हजार," अधिकारी म्हणाला. "आता तर सेहेचाळीस दिसतंय."

"ते परत बदललं. हे माझे किलोमीटर आहेत."

"शपथेवर?"

मी धावत जाऊन दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. 'ज्या किलोमीटरशी माझा संबंध नव्हता ते किलोमीटर आता गाडीवर नसून, सध्या असलेल्या किलोमीटरशी माझा पूर्ण संबंध आहे.' अधिकाऱ्याने दोन्ही एकावर एक ठेवली, टाचणी मारली आणि पहिल्यांदाच हसला. मग त्याने उजवा इंडिकेटर लावायला सांगितला. नवा बल्ब होता. लागला. गाडीला पाच वर्षं मिळाली.

योगिनीला आणून दाखवलं. तिने नवी पट्टी घेतली आणि झाकण न उघडता टाकीशेजारी नुसती धरली. "चार दांड्या म्हणजे किती लिटर?"

मी नव्याने मोजून लिहिलेली वही उघडून आकडा सांगितला. तिने स्वतः पंपावर जाऊन टाकी भरून घेतली, किती मावलं ते वजा करून बघितलं, आणि म्हणाली, "बरोबर." भंगारवाल्याचा नंबर तिने फोनमधून काढून टाकला की नाही ते माहीत नाही. पण बिघाडाचं कारण तिला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, दर दसऱ्याला आप्पा मीटरवर नारळाचं पाणी ओततात म्हणून. आप्पा पलीकडे बसून चहा पीत होते. त्यांनी बशीत चहा ओतला.

आठवड्याने दसरा. पार्किंगमध्ये गाडी धुऊन उभी. आप्पा थाळी घेऊन आले, नानासाहेब त्यांच्या स्कूटरला आधीच हार घालून बसले होते.

"आप्पा, मीटरला हात लावू नका हं यंदा," योगिनी म्हणाली.

"नाय लावत."

आप्पांनी कोरडं कुंकू टाकीच्या बाजूला टेकवलं. झेंडूचा हार हँडलला घातला. गुडघा धरत खाली वाकले, पुढच्या चाकाजवळ दगडावर नारळ फोडला आणि सगळं पाणी टायरवर ओतलं.

"हेच आधीपासून केलं असतं तर," योगिनी म्हणाली. "केवढी वणवण वाचली असती यांची."

"व्हय बाई," आप्पा म्हणाले. "चुकलंच माझं."

नानासाहेब म्हणाले, "वयामुळं होतंय तसं."

मी किल्ली फिरवली. पाच दांड्या. डावा इंडिकेटर दिला, पाच. आप्पांनी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि कॅरिअर धरून मागे बसले. दसऱ्याच्या दिवशी बाजार नसतो, पण एक चक्कर मारायची असते.

२००९च्या दसऱ्याला, शोरूमच्या दारात, नारळाचं पाणी मीटरवर मी ओतलं होतं, आणि पुढेही दर वर्षी थाळी आप्पांच्या हातात असली तरी नारळ माझ्याच हातात असायचा. आप्पा म्हणाले होते, टायरवर टाक.